तापीची नाव आणि तलावाचें पाणी

खानदेशांतील माणसानें नावेवर लेख लिहावा, हें कित्येकांस विनोदाचें वाटेल. जळगांव म्हटलें कीं कापूस आणि केळीं, धुळें म्हटलें कीं पांझरेचा कांठ आणि राजवाडे संशोधन मंडळ, एवढेंच चित्र बाहेरच्या वाचकापुढें उभें राहतें. समुद्र आमच्यापासून दूर. शीड, सुकाणू, भरती-ओहोटी हे शब्द आम्हीं पुस्तकांतून शिकलेले. कोंकणांतल्या पोरासोरांस नावेची जी उपजत जाण असते ती आमच्याकडे कोणी शोधूं नये. तथापि गेल्या साठ वर्षांत या कोरड्या प्रांतांत व त्याच्या शिवेवर जेवढें उभें पाणी सांठलें, तेवढें आमच्या आजा-पणजांनीं स्वप्नांतही पाहिलें नव्हतें. धरणें कोणीं बांधलीं, त्यांस किती खर्च आला, किती जमीन भिजली, याच्या हकीकती हव्या तितक्या मिळतात. त्या पाण्यावर माणसानें कशांत बसून जावें, हा प्रश्न मात्र सरकारी कागदांत आम्हांस क्वचितच भेटला. तो भेटला एका सुताराच्या अंगणांत.

तीन वर्षांपूर्वीं आम्हां तिघां स्नेह्यांच्या मनांत आलें कीं, हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यांत फिरण्यासाठीं एक लहानशी लांकडी होडी घरच्या घरीं तयार करावी. हतनूर म्हणजे भुसावळ तालुक्यांत तापीवर बांधलेलें धरण. थंडींत तेथें दूरदेशींचीं बदकें व इतर पक्षी थव्याथव्यांनीं उतरतात. तिघांपैकीं एक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, दुसरे धुळ्याचे, यंत्रांचा नाद असलेले एक वकील, आणि तिसरे आम्ही. वकीलसाहेबांनीं कोठून तरी अमेरिकन पद्धतीच्या पंधरा फुटी मोटारहोडीचा आराखडा पैदा केला होता: निमुळती नाळ, मागें यंत्र, पुढें चकचकीत रोगण केलेलें आच्छादन. अशा होडीस तिकडे ‘रनअबाउट’ म्हणतात. उघडी, हलकी, दोन-चार माणसांना घेऊन भरधांव पळणारी. प्राध्यापकमहाशयांचा कल सपाट तळाच्या, संथ होडीकडे. वाद मिटेना, तेव्हां आपल्या प्रांतांत पूर्वीं कोणत्या नावा होत्या आणि त्या तशाच कां होत्या, याचा शोध घेण्याचें काम इतिहासाचा माणूस म्हणून आमच्या गळ्यांत पडलें.

तापी मुलताईस उगम पावून सुमारें ७२४ किलोमीटर वाहते व सुरतेपुढें समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं सागवानी जहाजें बांधणारे कसबी कारागीर होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें पुढें मुंबईच्या गोदींत इंग्रजी आरमारासाठीं लढाऊ जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत आजही जतन केलेलें आहे. पण त्याच तापीनें शंभरेक कोस वर आलें कीं जहाज नाहींसें होतें, आणि उरते ती ऐलतीराहून पैलतीरास जाणारी एक साधी नाव.

याचें कारण नदींतच आहे. तापीचे कांठ उंच, मातीचे, घळींनीं फाटलेले. धरणें होण्यापूर्वीं वर्षाचे आठ महिने पात्र बऱ्याच ठिकाणीं पायउतार असे. उरलेले चार महिने गढूळ पाणी दोन्ही कड भरून धांवे. पात्रांत जागोजाग खडक. अशा नदीवरून लांबचा माल वाहण्याची सोय नव्हती. आमच्या लोकांच्या हिशेबीं नदी म्हणजे वाटेंतील अडचण. पाणी ओसरलें कीं उतार शोधावा आणि चढलें कीं तर गांठावी, एवढाच तिच्याशीं व्यवहार. १८१८ सालीं पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें कारभाराचें ठिकाण केलें. मुंबई-आग्रा रस्ता याच धुळ्यावरून शिरपुराकडे जातो व सावळद्याजवळ त्यास तापी आडवी येते. १८६८ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील सार्वजनिक तरींचा मक्ता व दर यांस नियमांचें रूप आलें. आगगाडीनें भुसावळजवळ पूल घातला, मागाहून सडकांचेही पूल झाले, आणि तसतशी तर एकेका घाटावरून उठत गेली.

मुडावदास, जेथें पांझरा तापीस मिळते, त्या बाजूस लहानपणीं अशी एक नाव पाहिल्याचें आम्हांस आठवतें. ती लांबीला पंचवीसेक फूट असेल. तळ सपाट, बाजू जवळजवळ उभ्या, दोन्ही टोकें किंचित् वर उचललेलीं. फळ्या सागाच्या, आंतील वांकडे आधार बाभळीचे, कारण बाभळीचें लांकूड मूळचेंच वांकडें मिळतें आणि चिवट असतें. सांध्यांत कापसाची वात ठोकून वरून राळ व तेल घोटलेलें. पुढल्या टोकास एक भोई लांब बांबू घेऊन उभा राही. वल्ह्याची गरज पडे ती फक्त मधल्या खोल पट्ट्यांत. नाव भरली म्हणजे तिचा कांठ पाण्यावर वीतभर उरे. एकदां तिच्यावर बैल सोडलेली गाडी चढविलेली पाहून आम्ही भयानें आजोबांचा हात धरला होता, आणि ते हंसले होते.

या नावेस कोणी ओबडधोबड म्हणूं नये. सपाट तळ हवा, कारण कांठाशीं पाणी गुडघाभर. बाजू ठेंगणी हवी, कारण शेळ्या, पोतीं आणि म्हातारीं माणसें तीवरूनच आंत घ्यावयाचीं. पाण्यावरचा मुक्काम अवघा पाव घटकेचा. पलीकडचा कांठ डोळ्यांसमोर, हांकेच्या अंतरावर. आभाळ भरून आलेलें दिसलें तर नावाडी नाव सोडीतच नसे. वाऱ्याशीं झुंजण्याचा प्रसंगच येऊं नये, अशी तिची सारी योजना होती. जेथें नाव नसे तेथें लोक सांगड करीत, म्हणजे वाळलेल्या भोपळ्यांवर बाज बांधून तीवरून पार होत. कृष्णाकांठीं तर गुळाची काहीलच पाण्यांत सोडीत. तीं साधनेंही तितक्याच थोड्या वेळापुरतीं व तितक्याच अरुंद पाण्यापुरतीं.

अशा या मुलुखांत आमच्या व आमच्या वडिलांच्या हयातींत तलाव उभे राहिले. गिरणेवरील मोठें धरण १९६९ चें. तें नाशिक जिल्ह्यांत असलें तरी त्याच्या पाण्याकडे डोळे लागतात ते जळगांवकरांचे. १९७२ मध्यें गुजराथेंत तापीवरील उकाई धरण पुरें झालें आणि त्याचा फुगवटा नवापूर-नंदुरबारच्या शिवारांत शिरला. हा भाग त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होता. नंदुरबार १९९८ सालीं निराळा जिल्हा झाला. हतनूर १९८२ चें, ४१ दरवाजांचें. शेवटीं नर्मदेवरील सरदार सरोवर: १९६१ सालीं पायाभरणी, २०१७ सालीं दरवाजे मिटले, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत तें प्रथमच कांठोकांठ भरलें.

या शेवटल्या सरोवराचीं मापें पाहण्याजोगीं आहेत. लांबी २१४ किलोमीटर. सरासरी रुंदी पावणेदोन किलोमीटर, पण एखाद्या ठिकाणीं ती सोळा किलोमीटरांपर्यंत जाते. भरल्या पाण्याची पातळी १३८.६८ मीटर, उपशाची किमान पातळी ११०.६४ मीटर, म्हणजे एकाच तलावाचा कांठ अठ्ठावीस मीटर खालींवर होऊं शकतो. उकाईची पातळी ३४५ फुटांपासून २७० फुटांपर्यंत उतरूं शकते. कार्तिकांत ज्या दगडाशीं नाव बांधावी तो वैशाखांत टेकडीच्या माथ्यावर राहतो आणि मधें चिखलाचा उतार पसरतो. बुडालेल्या झाडांचीं खोडें भरल्या पाण्यांत निरुपद्रवी असतात. पाणी उतरूं लागलें कीं तींच नावेच्या तळाशीं येऊन भिडतात. नावाड्यानें पावसाळ्यांत पाठ केलेली वाट उन्हाळ्यांत चालत नाहीं.

याहून मोठा फरक वाऱ्याचा. लाट वाढते ती तीन गोष्टींनीं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि त्यास मोकळ्या पाण्यावर किती धांव मिळाली. नदीवरील आडव्या वाऱ्यास धांव मिळते ती पात्राच्या रुंदीएवढी. तापी पूर्वेकडून पश्चिमेस वाहते, म्हणून तिच्यावर झालेले तलावही त्याच दिशेनें लांबट. आणि आमच्याकडील पावसाळी वारा पश्चिमेचा. तो तलावाच्या सबंध लांबीवरून धांवत येतो. शिवाय अशा पाण्यावरची लाट समुद्राच्या लाटेसारखी लांब व पसरट नसते. आंखूड, उभी, एकीमागून एक अशी येते आणि सपाट तळावर मुसळासारखी आदळते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, याची आठवण आमचे पदार्थविज्ञानवाले मित्र दर भेटींत देत: वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट.

नाव कलंडते कां, याचा गणिती उलगडा फ्रेंच पंडित पिएर बूगे यानें १७४६ च्या आपल्या ग्रंथांत केला. गंमत अशी कीं, पृथ्वीचा आकार मोजण्याच्या कामासाठीं तो दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत वर्षानुवर्षें राहिला होता आणि जहाजांवरचा तो ग्रंथ त्यानें तेथें असतांनाच लिहावयास घेतला. तेव्हां समुद्रापासून दूर बसून नावेची चिंता करणारे आम्हीच पहिले नव्हे. त्याचें सार असें: नाव कलली म्हणजे तिला वर उचलणाऱ्या पाण्याच्या जोराची रेषा नावेच्या मध्यरेषेस ज्या बिंदूंत छेदते, तो बिंदु भाराच्या मध्याहून वर असला तर नाव सांवरते, खालीं असला तर उलटते. बसलेला माणूस उभा राहिला कीं भाराचा मध्य वर सरकतो. भरलेल्या नावेंत सगळेच घाबरून उभे राहिले तर काय होईल, तें समजण्यास गणित नको.

आम्हांस हें ग्रंथांतून कळण्याआधीं अंगावरून कळलें होतें. होडीची कल्पना डोक्यांत येऊन थोडेच दिवस झाले होते. ज्येष्ठांतील एका दुपारीं चांगदेवाच्या बाजूनें, जेथें पूर्णा तापीस मिळते व हतनूरचा फुगवटा पोंचतो, आम्ही तिघे एका मासेमाराच्या होडींतून निघालों. होडी जुन्या नदीच्या घडणीची, सपाट आणि ठेंगणी. परततांना पश्चिमेस धुळीचा पडदा उठला आणि बघतां बघतां पाणी राखेच्या रंगाचें झालें. नावाड्यानें नाळ वाऱ्याकडे वळविली. पण ती हलकी होडी प्रत्येक झोताबरोबर पानासारखी आडवी फिरे आणि वीतभर कांठावरून लाट आंत येई. आम्ही दोघे डब्यांनीं पाणी उपसूं लागलों. वकीलसाहेब उडालेली टोपी धरण्यासाठीं उठले, तेव्हां नावाड्यानें त्यांस ज्या शब्दांनीं खालीं बसविलें ते या मासिकांत छापतां येणार नाहींत. अखेर त्यानें वाऱ्याशीं झगडणें सोडलें आणि होडी वाऱ्याबरोबर जाऊं दिली. जावयाचें होतें तेथून दोन मैल दूर, बाभळींच्या झाडोऱ्यांत ती अडकली, म्हणून आम्ही वांचलों. चौघांपैकीं एकाच्याही अंगावर तरंगविणारें जाकीट नव्हतें. उच्चशिक्षित म्हणविणारीं तीन माणसें त्या दिवशीं होडींत कां बसलीं, याचें उत्तर आम्हांस अजून देतां येत नाहीं.

आमची ती एक दुपार. नर्मदाकांठच्या कित्येक पाड्यांचा तो नित्यक्रम आहे. सरदार सरोवरामुळें अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. जे भिल्ल आणि पावरा लोक डोंगराच्या कुशींतच राहिले, त्यांच्यापैकीं अनेकांस बाजार, रेशन व दवाखाना यांसाठीं पाण्याचाच रस्ता जवळचा. नदी होती तेव्हां एका खोडाची कोरलेली डोंगी त्यांस पुरे. मासे धरावयास व पैलतीरीं जावयास ती उत्तम. पण दोन डोंगररांगांमधल्या फटींतून वारा सुटला कीं तिचें कांहीं चालत नाहीं. मागाहून यांत्रिक नावा आल्या, सरकारचे तरंगते दवाखानेही आले; तरी माणसें फार आणि नावा थोड्या, ही अवस्था पुरती गेली नाहीं. २०१९ च्या जानेवारींत, संक्रांतीच्या पर्वावर, धडगांवाकडील भुषा येथें नर्मदेच्या पूजेसाठीं निघालेल्या लोकांची नाव उलटली. तींत तिच्या शक्तीबाहेर माणसें बसलीं होतीं. निदान सहा जण बुडाले. त्यांत मुलें होतीं.

नाव जादा भरली होती, हें सर्वांनीं सांगितलें व तें खरेंच. परंतु ती कां भरली जाते, याचें उत्तर आम्हांस मुडावदच्या त्या नावेंत सांपडतें. अरुंद नदीवर कांठापर्यंत भरलेली नाव पिढ्यान् पिढ्या सुखरूप पलीकडे लागत आली. तोच भरंवसा, तीच दाटीनें बसण्याची संवय लोकांबरोबर तलावावर आली. त्यांनीं पाणी बदललें नव्हतें; तें दुसऱ्यांनीं बदललें, आणि बदललेल्या पाण्याचा स्वभाव त्यांस समजावून सांगण्याचें काम कोणाचें, हें ठरलेलें आम्हांस दिसत नाहीं. आम्हीं चाळलेल्या पुनर्वसनाच्या कागदांत जमीन मोजलेली आहे, घरें व झाडें मोजलेलीं आहेत. घराशीं बांधलेल्या डोंगीचा रकाना आमच्या पाहण्यांत आला नाहीं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानें यंत्राविना चालणाऱ्या नावांच्याही नोंदीची तरतूद केली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र अमुक नाव कोणत्या पाण्यासाठीं घडविली, हेंही त्या नोंदींत कोणीतरी लिहावें.

आतां आमच्या होडीकडे वळूं. वकीलसाहेबांच्या मोटारहोडीचें गोत्रही सरोवरांचेंच आहे. मिशिगन सरोवराच्या कांठच्या मिलवॉकी शहरांत ओल इव्हिनरूड यानें १९०९ सालीं होडीच्या मागें अडकवावयाचें सुटें यंत्र विक्रीस काढलें. वल्हवीत नेलेलें आइस्क्रीम वाटेंत वितळलें म्हणून त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. खानदेशच्या उन्हांत तें वल्हें हातीं घेण्यापूर्वींच वितळलें असतें. १९३० नंतरच्या दशकांत पाण्यानें न सुटणारें प्लायवुड निघालें आणि हौशी गृहस्थ घरामागें होड्या बांधूं लागले. १९६३ च्या सुमारास इंग्लंडांत ‘मिरर’ नांवाची लहान शिडाची होडी निघाली. तिचीं प्लायवुडचीं पानें तांब्याच्या तारेनें शिवावयाचीं आणि सांध्यांवर काचधाग्याची पट्टी चिकटवावयाची. अशा सत्तर हजारांच्या आसपास होड्या झाल्या. शिंप्याची ही युक्ति आमच्या सुतारास इतकी पटली कीं त्यानें प्रथम पाटाएवढी एक होडी शिवून नातवास दिली.

पण युक्ति घेतली म्हणून आकार घेतलाच पाहिजे असें नाहीं. मोटारहोडी वेगांत असते तोंवर पाण्यावर उचललेली राहते व तिची ऐट दिसते. यंत्र बंद पडलें कीं ती मागें जड, पुढें हलकी अशी वल्हविण्यास नालायक वस्तु होते. आणि बुडालेल्या खोडांच्या पाण्यांत यंत्राचा पंखा शाबूत राहील याची हमी कोण देणार? उलट प्राध्यापकमहाशयांच्या सपाट पेटीची परीक्षा आम्ही ज्येष्ठांतच देऊन आलों होतों. निर्णय झाला तो उत्तर अमेरिकेच्या कोळ्यांच्या ‘डोरी’ जातीच्या होडीकडे पाहून. तिचा तळ सपाट पण अरुंद, आणि बाजू फुलपात्रासारख्या बाहेर कललेल्या. अशी होडी रिकामी असतांना डळमळते. भार चढतो तसतशी ती पाण्यांत रुंद होते आणि स्थिरावते. आम्हीं लांबी चौदा फूट धरली, तळ मूळ डोरीपेक्षां थोडा रुंद केला, चार माणसें बसल्यावरही कांठ सव्वा फूट वर राहील इतक्या बाजू उंच घेतल्या, आणि पाणी भरलें तरी तळाशीं जाऊं नये म्हणून दोन्ही टोकांस हवाबंद पेट्या केल्या. साग परवडला नाहीं. आधार मात्र बाभळीचेच, सुताराच्या हट्टानें. आंतल्या बाजूस तांबड्या रंगानें ‘४’ हा आंकडा मोठा काढून घेतला आहे. पांचवा पाहुणा कितीही थोर असला तरी तो कांठावर राहील.

होडी घोड्यांवर चढवून रोगण चाललें होतें तेव्हां चांगदेवाकडचा तो नावाडी आम्हीं मुद्दाम बोलावून आणला. त्यानें तिच्याभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या, बाजूवर हात ठेवला आणि म्हणाला, “साहेब, वाऱ्याला ही चांगली. पण एवढ्या उंचीवरून जाळें आंत ओढायचें तर माणसाची कंबर जाईल.” हा मुद्दा आमच्यापैकीं कोणालाही सुचला नव्हता. मग मधल्या चार फुटांत बाजू तीन बोटें उतरवून घेतली. नंतर त्यानें विचारलें, “बांबू कोठें ठेवणार?” आम्ही म्हणालों, खोल पाण्यांत बांबूचें काय काम? त्यावर तो नुसता आमच्याकडे पाहत राहिला. पाणी उतरल्यावर कांठाशीं चिखल असतो, आणि चिखलांत वल्हें चालत नाहीं, हें सांगणें त्यास अनावश्यक वाटलें असावें. आम्हीं डाव्या बाजूस आंतून दोन कड्या ठोकल्या.

होडी मार्गशीर्षांत हतनूरच्या पाण्यांत घातली. दोन हिवाळे ती चालली आहे. वाऱ्यांत नाळ धरून राहते आणि बांबू दर खेपेस लागतो. वकीलसाहेबांचें यंत्र त्यांच्या धुळ्याच्या घरीं पेटींतच आहे.